पाहुण्याचे दहा लिटर

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती, तर मी ती जरा बरी रचली असती.

मी कुलदीप. अकोल्यात एका दालमिलचे हिशेब पाहतो. जमा-नावे जुळल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता.

'नव्हता' हा शब्द मुद्दाम लिहिला आहे.

या पानावर तुम्ही अमावास्येच्या रात्रीच्या भुतांच्या गोष्टी वाचता. इथे तसलं काही नाही. यंदाची अक्षय तृतीया होती. भर दुपार. बाहेर पंचेचाळीस अंश. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. जागा म्हणाल तर अमरावतीत कठोरा रोडवर माझ्या बहिणीचं, पौर्णिमाताईचं घर. त्या घराची वरची खोली.

त्या खोलीत एक विमान आहे.

खरं नव्हे. तीन स्क्रीन, एक दांडा, पायाखाली पेडलं आणि जुन्या गाडीची काढलेली सीट. माझे भाऊजी नितेश यांचा फ्लाइट सिम्युलेटर. त्याला खेळ म्हटलं की ते दिवसभर बोलत नाहीत. त्यांचं मोटार-वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरींवरच्या जळक्या मोटारी दुरुस्त करायच्या, उन्हाळ्यात दुपारी शटर ओढायचं आणि वर येऊन चार सीटचं छोटं विमान उडवायचं. कोणाला दारूचं व्यसन, कोणाला पत्त्यांचं. ताई म्हणते, माझा नवरा निदान घरात असतो.

विमान भाऊजी उडवायचे. पण पेट्रोल ठरवायचे त्यांचे वडील.

भगवंतराव एसटीच्या डेपोत होते. कोणती गाडी किती डिझेल पिते आणि कोणता ड्रायव्हर किती सांडतो, यावर त्यांनी नोकरी काढली. ड्रायव्हर लोक त्यांना पाहून रस्ता बदलायचे. निवृत्तीनंतर माणसानं देवाचं नाव घ्यावं. हे भाऊजींच्या मागे प्लास्टिकचं स्टूल टाकून बसले. हातात अडकित्ता, पायाशी सुपारीचा चुरा.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "ॲव्हरेज काय देते हे तुहं इमान?"

"बाबा, इथं किलोमीटरवर नाई मोजत. तासावर मोजतात."

"कावून? उभी गाडी बी तास खाते."

"समोरून वारं आलं तर तेवढ्याच रस्त्याले जास्त वेळ लागते, बाबा. इंजिन तासाले तेवढंच पिते."

म्हाताऱ्यानं दिवसभर विचार केला. संध्याकाळी म्हणाले, "बरोबर आहे. चिखलदऱ्याच्या घाटात आमी बी तसंच पाहाले पायजे होतं. उगाच कापले पोरांचे पगार."

मग ते शिकले. धावपट्टीपर्यंत जायला किती, वर चढायला किती, सरळ उडायला किती, उतरायला किती. ठरल्या जागी उतरता आलं नाही, तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं वेगळं. त्यावर नियमाचं राखीव.

आणि त्याच्यावर आणखी दहा लिटर.

"हे कशाचं, बाबा?"

"पाहुण्याचं."

त्यांच्या घरात रुख्मिणीकाकू, भाऊजींची आई, आजही घरातल्यांच्या भाकरी थापून झाल्या की एक जास्तीची थापतात. पाहुण्याची. कोणी येवो न येवो. त्या भाकरीला घरातलं कोणी हात लावत नाही. उरली तर सकाळी गाईला.

"हवेत कोनता पाहुना येते बाबा?" भाऊजी हसले होते.

"हे मले माहीत असतं तर त्याले पाहुना म्हटलं असतं काय?"

आणखी एक सवय त्यांनी लावून ठेवली. सिम्युलेटरमध्ये उडण्याआधी कोणत्या सीटवर किती वजन, ते भरावं लागतं. म्हाताऱ्यानं ते पाहिलं आणि स्टुलावरून वाकून म्हणाले, "मी मागं बसलो आहो न? मंग माहं वजन कुठं धरलं?"

तेव्हापासून मागच्या सीटवर चौसष्ट किलो. रोज.

भगवंतराव जन्मात खऱ्या विमानात बसले नाहीत. नात आचल पायलट होणार, तिच्या मागं बसून एकदा अमरावती वरून पाहायची, असं म्हणायचे. आचल बारावीत असतानाच ते गेले. दुपारी झोपले, उठले नाहीत. हातात अडकित्ता तसाच.

वर्षश्राद्ध झालं आणि भाऊजींनी खोली पुन्हा उघडली. धूळ पुसली. मागच्या सीटचे चौसष्ट किलो पुसले. शून्य टाकलं.

तेव्हापासून पेट्रोल कमी पडायला लागलं.

हे मला भाऊजींनी अक्षय तृतीयेच्या आधी फोनवर सांगितलं. आवाज असा, जसा तापातून उठलेल्या माणसाचा.

"कुलदीप, तू हिशोबाचा मानूस आहे. येशीन काय आखजीले? जरा पाहून दे."

"काय पाहू भाऊजी? मला विमानातलं काय कळतं?"

"बेरीज तं समजते न तुले?"

प्रकार असा होता. ते अमरावती ते अकोला आणि परत अशी फेरी मारायचे. वारा बंद. हवा साफ. सगळं ठरल्याप्रमाणे. उतरल्यावर टाकीत जितकं उरायला हवं, त्यापेक्षा दहा लिटर कमी. दर वेळी.

मी म्हटलं, "प्रोग्राममध्ये चूक असेल."

"दोनदा नवा टाकला."

"मग वजन वाढलं असेल."

"एका मानसाच्या वजनानं एवढं नाई वाढत रे. थोडंसं वाढते. अन् गंमत पाय... लांब जा का जवळ जा, दहाच जाते. राखीवले धक्का नाई. फक्त..."



"फक्त काय?"

"फक्त पाहुण्याचं."

मी हसलो. ते हसले नाहीत.

हसण्यासारखं नव्हतंही. आचल आता परगावच्या फ्लाइंग स्कूलमध्ये खरं विमान शिकत होती. आणि गेल्या महिन्यापासून तिच्या खऱ्या विमानातही तेच सुरू झालं होतं. सरांनी टाकी तपासली, गळती नाही. इंजिन तपासलं, ठीक. तिचा कागद तपासला, बरोबर. येत्या आठवड्यात तिची पहिली एकटीची लांब फेरी होती. सर म्हणाले होते, आणखी एकदा हिशेब चुकला तर फेरी रद्द. आणि भाऊजी म्हणत होते, हिशेब चुकला तर मीच तिला विमानात पाय ठेवू देणार नाही.

पोरीचं पायलट होणं दहा लिटरवर येऊन अडलं होतं.

मी गेलो. टाकी भरली ती बडनेऱ्याला, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

अक्षय तृतीयेला आमच्याकडे पितर जेवू घालतात. मातीची घागर भरून ठेवायची, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, आणि एखाद्या माणसाला पितर म्हणून पाटावर बसवायचं. घरातून गेलेल्याच्या नावानं तो जेवतो. त्यांच्याकडे दर वर्षी शेजारचे रामराव बसत. यंदा ते लेकीकडे चांदूर बाजारला गेले होते.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "कुलदीप, तूच बस न बापा."

"काकू, मी बसू? मी तर सोयरा."

"जेवाले तं येते न तुले?"

ताई हसली. "तेवढंच येते त्याले."

बसलो. पळसाची पत्रावळ. पुरणपोळी, आंब्याचा रस, वडे, कढी, चिंचोणी. काकूंनी घागरीजवळ भगवंतरावांचा अडकित्ता मांडला होता. मी दालमिलवाला माणूस, दुपारी घाईत डबा खातो. त्या दिवशी तुटून जेवलो. एक गोष्ट तेवढी विचित्र वाटली. मला रस आवडत नाही. लहानपणापासून. त्या दिवशी मी दोनदा मागून घेतला.

भगवंतरावांना रस फार आवडायचा.

काकू मला वाढता वाढता थांबल्या होत्या. 

जेवण झालं. काकूंनी हातावर विडा दिला, सोबत एक अख्खी सुपारी. मी ती खिशात टाकली. त्यांच्या घरची रीत अशी, की पितर जेवला की विडा घेऊन सरळ उंबरठ्याबाहेर जातो. काकू मागून पाण्याची धार सोडतात आणि म्हणतात, "सुखानं जा." मग तो माणूस परत आत आला तरी चालतो. पण आधी जायचं. पाहुणा पोचवायचा.

काकू तांब्या आणायला वळल्या.

तेवढ्यात भाऊजींनी माझा दंड धरला. "चाल वरते. कूलर लावून ठेवला आहे."

"अरे, त्याले बाहेर तं जाऊ दे," काकू आतून म्हणाल्या.

"आई, बाहेर ऊन पाह्यलं काय? मानूस वाळून जाईन. मंग जाईन तो."

मी दाराकडे पाहिलं. उंबरठ्यापलीकडे फरशी नुसती पांढरी झाली होती.

मी जिना चढलो.

वर आचल होती. सुट्टीवर आलेली. वाळली होती पोरगी, डोळ्यांखाली काळं. "मामा, तुम्ही फक्त पाहा. मी भरते, तुम्ही मोजा, पप्पा उडवतील. आज जुळलं तर पप्पा मला अडवणार नाहीत. हो न पप्पा?"

"जुळू तं दे," भाऊजी म्हणाले.

बसायला दुसरं काही नव्हतं. मी स्टूल ओढलं आणि त्यांच्या मागे बसलो.

आचलनं सगळं भरलं. चढाईचं, सरळ उड्डाणाचं, राखीव. मग हात थांबला.

"पाहुण्याचं टाकू?"

"टाक," भाऊजी म्हणाले. "नाई टाकलं तं कोठून जाईन, ते पाहाची हिंमत नाई मायी."

दहा लिटर टाकले. मागची सीट शून्य. मी स्वतः पाहिलं.

इंजिनाचा आवाज सुरू झाला. कूलरची घरघर. स्क्रीनवर बेलोऱ्याची धावपट्टी मागे पळाली आणि खाली आमचं वऱ्हाड पसरलं. काळं-तपकिरी, कोरडं. पोट भरलेलं, पाय जड. मला पेंग येत होती.

बडनेरा गेलं असेल...

खट्.

मी डोळे उघडले.

कोणी हललं नव्हतं. भाऊजींचे दोन्ही हात दांड्यावर. आचल आकड्यांकडे पाहत होती.

"आवाज आला काय?" मी विचारलं.

"कशाचा?"

 कूलरचं असेल. पातं अडकलं असेल.

मूर्तिजापूर आलं.

खट्... खट्...

अडकित्त्याचा आवाज ज्यानं ऐकला आहे, त्याला तो दुसऱ्या कशाचा वाटत नाही. अडकित्ता खाली घागरीजवळ होता. आवाज माझ्या मागून येत नव्हता. बाजूनं येत नव्हता.

तो माझ्या मांडीवरून येत होता.

मी खाली पाहिलं. माझी बोटं हळूहळू मिटत होती, उघडत होती. हातात काहीच नव्हतं. मी सुपारी खात नाही. अडकित्ता धरायचा कसा, हेही मला माहीत नाही.

मी हात काखेत दाबून धरले आणि फेरी संपेपर्यंत तसाच बसलो. अकोल्याला शिवणीच्या धावपट्टीवर उतरून विमान परत फिरलं. परत येताना आवाज आला नाही. कूलर पाणी संपून कोरडा पडला होता, आणि तरी माझ्या पाठीला गार लागत होतं.

विमान उतरलं. आचलनं टाकीचे आकडे वाचले. मी बेरीज केली. पुन्हा केली. मग तिनं केली.

जुळलं होतं.

पाहुण्याचे दहा लिटर टाकीत तसेच. कोणी हात लावला नव्हता.

भाऊजी सीटवर मागे टेकले आणि डोळे मिटून घेतले. आचल रडायला लागली, आवाज न करता. किती दिवसांनी त्या खोलीत कोणी पूर्ण श्वास घेतला असेल, देव जाणे.

"काय बदललं पन?" भाऊजी मला म्हणाले. "काल बी हेच, आज बी हेच. एक तू बसला स्टुलावर, तेवढंच."

मी म्हटलं, "हिशेबनीस बसला की हिशेब जुळतोच भाऊजी."

खाली आलो तेव्हा काकू पायरीवर बसल्या होत्या. हातात तांब्या. तेव्हापासून तशाच बसल्या असाव्यात. भाऊजींनी आनंदानं सांगितलं. काकूंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "जेवला असन मंग. पोट भरल्यावर कोन कशाले हात लावते?"

मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुले पोचवलं नाई रे मी."

"काकू, आता जातोच आहे की. सोडा पाणी."

त्यांनी पाणी सोडलं. पण तोंडानं "सुखानं जा" म्हणाल्या नाहीत. बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "येजो."

संध्याकाळी निघालो. ऊन उतरलं होतं, तरी स्टेअरिंग हाताला चटके देत होतं. लोणीच्या पुढे गाडी टुकटुक करायला लागली.

माझी गाडी नवी आहे. मागे कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की ती बोंबलते.

मागे कोणी नव्हतं.

ताईनं दिलेला डबा असेल, पिशवी असेल. गाडी बाजूला घेतली. मागची सीट रिकामी. डबा मी पुढेच ठेवला होता. सीटवर हात फिरवला. मधोमध ती जरा खोल गेली होती. आणि गरम गाडीत तेवढीच जागा गार.

मी पुन्हा बसलो. टुकटुक सुरूच. मूर्तिजापूर गेलं. कुरणखेडचा पूल आला. दिवस मावळत होता. त्या आवाजानं डोकं फुटायची वेळ आली, तेव्हा मी पुन्हा थांबलो. मागचं दार उघडलं. रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि अडकवला.

आवाज बंद.

आरशात पाहायची हिंमत झाली नाही. रेडिओ लावला. तरी मधे मधे, गाणं बदलताना...

खट्.

घरी पोचलो तेव्हा पेट्रोलचा काटा जवळजवळ अर्ध्यावर आला होता. सकाळी बडनेऱ्याला टाकी गळ्यापर्यंत भरलेली. दुसऱ्या दिवशी पंपावर पुन्हा भरली. पंपावरच्या शेषरावांचं मी नेहमीचं गिऱ्हाईक; टाकी कालच भरली होती, हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, कुठं हैदराबादले जाऊन आले काय?"

पंधरा लिटर आणि वर काही थेंब बसले. बडनेऱ्याहून अकोल्याला माझी गाडी पाच पिते. पाच माझे.

बाकीचे कोणाचे, हे विचारायला मी हिशेबनीस असण्याची गरज नव्हती.

खिशात हात घातला. विडा होता, लवंग टोचलेली तशीच. सुपारी नव्हती. ती मागच्या सीटवर सापडली. कातरलेली. बारीक, एकसारखी. आमच्या घरात अडकित्ता नाही.

आठवड्यानं आचलचा फोन आला. "मामा, झाली फेरी. एकटीनं. लिटरला लिटर जुळलं. पाहुण्याचं जसंच्या तसं. सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली."

"शाबास गं पोरी."

"मामा... एक सांगू? मागं वळून पाहिलं मी वरती गेल्यावर. पहिल्यांदाच रिकामं वाटलं."

मी गाडीतच होतो. घरासमोर, इंजिन बंद. 

"एकटीनं उडायचं म्हणजे रिकामंच असणार," मी म्हटलं.

फोन ठेवला. मागे खट् झालं. हळू. मला वाटलं, ऐकत होते.

तेव्हापासून महिना-दोन महिन्यांनी अमरावतीला जावं लागतं. त्याच रस्त्यावर, मी एकटा असलो की. बायको सोबत असली तर काही नाही. ते परक्या बाईसमोर सुपारी कातरत नसत.

भाऊजींना मी सांगितलेलं नाही. ते आता झोपतात. दुपारी स्टुलावर कपडे वाळत घालतात म्हणे. आचलच्या अजून पुष्कळ फेऱ्या बाकी आहेत, रात्रीच्या, पावसातल्या. तिथं दहा लिटर म्हणजे काय, ते मला आता कळतं.

काकूंना मात्र ठाऊक असावं. परवा त्यांचा फोन आला होता.

"कुलदीप, पुढच्या आखजीले बी तूच बस. तवा नीट पोचवतो तुले. उंबरठ्याबाहेर."

"म्हणजे ते जातील काकू?"

"जातीन न."

"कुठं जातील?"

  फोनमध्ये नुसता त्यांच्या घरच्या पंख्याचा आवाज येत होता. दोघांच्याही मनात एकच जागा होती, चार सीटच्या विमानातली मागची.

"नातीवर लई जीव होता त्याहिचा," काकू शेवटी म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी अजून हो म्हटलेलं नाही.

थकतो हो माणूस. घरी येईपर्यंत पाठ गार पडते, दोन दिवस अंग जड राहतं, आणि जेवताना हात आपोआप रसाकडे जातो. पण जुळतं आहे ते मोडायचं कसं?

उद्या अमरावतीला जायचं आहे. टाकी भरून आणली आहे. दहा लिटर कमी पडणार नाहीत इतकी.

मागच्या सीटचा पट्टाही आत्ताच लावून आलो. बसल्यावर लावावा लागत नाही मग...

लावताना तो जरा घट्ट गेला.